तोंडाची वज्री

आमच्या घरमालकिणीच्या कपाळावर, बरोब्बर दोन भुवयांच्या मध्ये, एक उभी आठी होती. साधीसुधी नव्हे. काडेपेटीतली काडी त्यात उभी केली असती तर राहिली असती. बाई रागावलेली नसली तरी रागावल्यासारखी दिसायची, आणि खरंच रागावली की दिसण्यात काही फरक पडायचा नाही. त्यामुळे नव्या भाडेकरूला आपलं नक्की काय चुकलंय हेच बरेच दिवस कळायचं नाही. मी खोली बघायला गेले तेव्हा तिनं तांदूळ निवडता निवडता नुसतं वर बघितलं आणि मी उगाचच "सॉरी" म्हणून मोकळी झाले.

मी तेव्हा महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले होते. मूळची सांगलीकडची. बिरवाडीत तिची ओळीनं खोल्यांची चाळ होती आणि प्रत्येक खोलीत कुठल्या ना कुठल्या कारखान्यातला माणूस. सगळे तिला काकी म्हणायचे. काकी मात्र कुणाला नावानं हाक मारायची नाही. कोण कुठल्या वासाचा, त्यावरून नाव. एक औषधवाला, एक साबनवाला, कोपऱ्यातल्या खोलीत राहणारा तो गंधकवाला. मी रंगवाली व्हायला हवी होते, पण मी घाट उतरून आलेली, म्हणून मी घाटी. सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करायची. तिनंच ते बंद पाडलं. "अहो काय गो? मी काय तुझी सासू हाय?"

तिचे नियम होते. पुढच्या तारेवर आतले कपडे वाळत घालायचे नाहीत. मोटार चालू असताना कुणी मोबाइलवर बोलायचं नाही, कारण मग टाकी भरल्याचा आवाज ऐकू येत नाही. आणि नळ गळताना दिसला तर तो कुणाच्याही खोलीचा असो, तिनं आरडाओरडा करायचा आणि सगळ्यांनी बाहेर यायचं. रात्रपाळी करून झोपलेला औषधवाला लुंगी सावरत बाहेर येऊन उभा राहायचा. एवढा धिप्पाड माणूस, पण काकीसमोर शाळेत उशिरा आल्यासारखा.

तर आता दगडाची गोष्ट. एका मैत्रिणीच्या लग्नाआधी चेहरा जरा बरा दिसावा म्हणून मी ऑनलाइन एक दगड मागवला होता. हिरवा, गुळगुळीत, तळहातात मावेल एवढा, एका बाजूला बदामासारखी खाच. चार दिवस हौसेनं केलं, मग कोण रोज आरशासमोर बसतंय! तो न्हाणीच्या कोनाड्यात पडला. एका रविवारी बघते तर काकी मागच्या दारी धुण्याच्या दगडावर बसून त्यानं टाचा घासतेय.

"ही कसली गो वज्री आनलीस? नुसती घसरते. मळ काय निघत नाय."

"काकी, ती पायाची नाही. तोंडाची आहे."

तिनं पाय खाली सोडला. दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तोंडाची वज्री? घाटावर काय तोंडाला भेगा पडतात?"

मी समजावून सांगितलं. चीनमध्ये बायका पूर्वीपासून हे करतात. चेहऱ्याला तेल लावायचं, दगड जरा आडवा धरायचा आणि हलक्या हातानं खालून वर ओढत न्यायचा. हनुवटीपासून कानाकडे, भुवयांपासून केसांकडे. चेहरा सैल होतो, ताण जातो, आठ्यासुद्धा जातात म्हणतात.

"जातात?"

"म्हणतात."

काकी उठली. दगड साबणानं धुतला, मग गरम पाण्यानं धुतला, मग पदरानं पुसला आणि मला परत न देता कमरेला खोचून घरात गेली. झालं. त्या दिवसापासून तो दगड तिचा. त्याचं चिनी नाव मी तिला पुष्कळदा सांगितलं, पण ते तिनं कधी तोंडात घेतलं नाही. शेवटपर्यंत 'तोंडाची वज्री'च.

तिला ती आठी कशासाठी घालवायची होती हे आख्ख्या चाळीला ठाऊक होतं. तिचा एकुलता एक मुलगा ठाण्याला. त्याला दोन वर्षांची मुलगी. बाळंतपण सुनेच्या माहेरी झालं, पुढे नोकऱ्या, सुट्ट्या नाहीत, त्यामुळे नात प्रत्यक्ष अशी काकीनं एकदाच बघितलेली, तीही झोपलेली. बाकी सगळं फोनवर. आणि फोनवर काकीचं तोंड दिसलं रे दिसलं की पोर किंचाळून रडायची. साधं रडणं नव्हे, अंग ताठ करून. सून बिचारी गडबडीनं फोन फिरवायची आणि मग काकीला छताचा पंखा दिसायचा. कित्येक महिने काकीनं त्या पंख्याशी गप्पा मारल्या. "जेवली काय गो? दात आले काय?" आणि पंखा गरगर फिरतोय. मी कधी तिच्या ओटीवर बसलेली असले की मला मान वर करून बघवायचं नाही. फार वाईट वाटायचं. काकी फोन ठेवायची आणि म्हणायची, "पंखा नवीन घेतलाय वाटतं." बस, तेवढंच.

शिमग्याला मुलगा, सून, नात गावी येणार होते. गाव पोलादपूर तालुक्यातलं, उमरठच्या पुढे, डोंगराच्या पोटात. शिमग्यापर्यंत काकीला कपाळ सपाट करायचं होतं.

मग तिनं ते काम हाती घेतलं, म्हणजे मोटार दुरुस्त करून घ्यायची तसं. रोज संध्याकाळी, दिवा लावला की, ओटीवर पाट मांडून बसायची. समोर भिंतीला टेकवलेला आरसा, वाटीत खोबरेल. मी तिला फोनवर एका चिनी बाईचा व्हिडिओ लावून दिला होता. भाषा चिनी, काही कळत नव्हतं; काकीनं आवाजच बंद केला. "भाषा कशाला लागते? हात दिसतोय ना." त्या बाईला ती चिनी वयनी म्हणायची. "चिनी वयनी बघ कशी हलकी वढते. तू बघ, नांगरतेस." एकदा म्हणाली, "ही वयनी जेवते कधी गो? हाडं दिसतात." दुसऱ्या दिवशी परत, "आज पन तीच साडी." मी म्हटलं, काकी, व्हिडिओ एकच आहे. तर म्हणे, "मग तर बिचारी रोज जेवली नाय."

आणि दिशेबद्दल तर ती भलतीच कडक झाली. खालून वर. वरून खाली दगड गेला की चेहरा लोंबतो, असं तिनं चिनी वयनीच्या हातावरून ठरवून टाकलं होतं. माझा हात कधी चुकून खाली आला तर डोळे मिटलेले असले तरी तिला कळायचं. "खालून वर! तोंड हाय ते, पायपुसनं नाय." चाळीत कुणी तोंड पुसताना टॉवेल वरून खाली फिरवला तरी ओरडायची. गंधकवाल्यानं दाढी कुठल्या दिशेनं करावी यावरसुद्धा तिनं त्याला बोलून घेतलं. तो म्हणाला, काकी, मग कापतं. "कापू दे. लोंबन्यापेक्षा बरं."

स्वतःवर करून तिचं समाधान होईना. हात बसायला हवा म्हणून भाडेकरूंना धरायला लागली. औषधवाला एकदा पाळी संपवून आला तो सापडला. ओटीवर आडवा केला, तेल थापलं आणि दगड फिरवला. तो घोरायलाच लागला. दारात चाळीतली माणसं जमली तरी काकी शांतपणे त्याच्या जबड्यावरून दगड ओढतेय. जागा झाला तेव्हा म्हणाला, "आई गेल्यापासून एवढी झोप लागली नव्हती." काकी म्हणाली, "उठ आता, तेल उशीला लागेल."

माझ्या वाटणीला मात्र वेगळंच आलं. एका सकाळी मी कामावर निघण्याआधी तिनं मला पकडलं. तिला गालाचा भाग जमत नव्हता आणि त्या दिवशी तेल कमी पडलं. गालांवर दोन्हीकडे लाल पट्टे उठले. मला आरसा बघायला वेळ नव्हता. प्रयोगशाळेत शिरले आणि आमच्या साहेबांनी माझ्याकडे बघून हातातली बाटली खाली ठेवली. "काय उडालं? कुठलं उडालं?" मी म्हणतेय, सर, दगड, दगड. त्यांना वाटलं मी भ्रमात गेले. दोघांनी मला धरून नेलं आणि अपघातासाठी जो फवारा असतो ना, साखळी ओढली की धो धो पाणी कोसळतं, त्याखाली उभं केलं. आम्हाला शिकवलेलंच होतं तसं, चेहरा लाल दिसला की आधी पाणी आणि मग प्रश्न. अंगावरच्या कपड्यांसकट मी निथळत उभी, आणि साहेब ओरडतायत, "डोळे उघडे ठेवा!" शेवटी कुणीतरी विचारलं तेव्हा मी सांगितलं, घरमालकिणीनं केलंय. त्यावर त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "मारहाण होते का?"

संध्याकाळी हे काकीला सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती म्हणाली, "तेल कमी झालेला. चूक माझी." आणि दुसऱ्या दिवशी महाडला गेली, तेलासाठी.

महाडात तिची शाळेतली एक मैत्रीण राहायची. तिचा मुलगा कुवेतला, त्यामुळे तिच्या कपाटात बदामाचं तेल, अत्तरं, काय काय असायचं. मी पण गेले होते बरोबर. तिनं आमच्यापुढे चहा-नानखटाई ठेवली, तेलाची बाटली दिली, दगड हातात घेऊन उलटासुलटा केला आणि हसायलाच लागली.

"अगो, ही रेघ दगडानं जानार हाय काय? तू शाळेत पन अशीच दिसायचीस. पहिल्या दिवशी तुझ्या बाजूला बसवली तर मी रडले होते."

"मग?"

"मग काय? बाई जागा बदलून देईनात. दोन-तीन दिवस रडले, मग सवय झाली. तुझ्या डब्यातले आंबोळे कोन खायचा मग?"

काकीला ते आवडलं नाही. परतीच्या रिक्षात ती म्हणाली, "तिला शाळेत रोज शेजारी बसायला मिळालं गो. मला कुठं?"

आणि मग, आश्चर्य म्हणजे, उपाय लागू पडायला लागला. निदान काकीला तसं वाटलं. झालं असं की एका संध्याकाळी फोन आला तेव्हा तिचा दगड चालू होता. डब्याला टेकवून फोन ठेवला, नेहमीप्रमाणे पोर रडली, नेहमीप्रमाणे पंखा आला. काकी वैतागून पंख्याकडे न बघता आपली जबड्यावरून दगड ओढत राहिली. थोड्या वेळानं सुनेनं फोन परत धरला, तर पोर गप्प. टक लावून बघतेय. आणि मग बोट पुढे करून म्हणाली, "डगड."

त्या दिवसापासून काकी फोनवर बोलायची ती दगड फिरवतच. पोर रडायची नाही. "आजी, डगड वल," म्हणायची, आणि काकी दगड वर. काकीची खात्रीच झाली. "बघ, आठी कमी झाली म्हनून वळखते आता." मी बघत होते. आठी जिथली तिथे, जशीच्या तशी. पोर बघत होती ते त्या हिरव्या, तेलानं चमकणाऱ्या, सरकणाऱ्या वस्तूकडे. पण काकी आरशात बघून इतकी खूश होती की मी म्हटलं, "हो काकी, बरीच कमी आहे."

शिमगा तोंडावर आला आणि काकी गावचं घर सारवायला चार दिवस गेली. गावच्या घरात तिची मोठी जाऊ एकटी राहायची. तिला सगळे आक्का म्हणत. काकी जेवढी खणखणीत तेवढी आक्का मऊ. देवदेव करणारी, बोलली तरी शेजारच्याला ऐकू न येणारी. काकीनं तिथेही संध्याकाळचा नेम चुकवला नाही. निघायच्या आदल्या दिवशी दगड धुतला आणि मांजरानं पाडू नये म्हणून देव्हाऱ्याच्या कडेला वाळत ठेवला. सकाळी चाळीतून फोन गेला की टाकीचा पाइप फुटलाय. काकी मिळेल त्या गाडीनं बिरवाडीला. दगड तिथेच.

दोन दिवसांनी महाडकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी दगड पाठव, म्हणून तिनं आक्काला फोन लावला. मी समोरच होते.

आक्का म्हणाली, "कुठला दगड?"

"हिरवा. देव्हाऱ्यावर ठेवलेला."

मग आक्का हळूच म्हणाली, "मला वाटलं तू देव आनलास. मी त्याला दुधानं न्हाऊ घातला. हळद-कुंकू वाहिलं. निवद पन दाखवला."

"आक्का, तो देव नाय! माझ्या तोंडाची वज्री हाय ती. चीनची!"

"असू दे गो. लांबून आलाय बिचारा. पन आता बसवला, आता कसा उठवू? असा उठवत नाय."

काकीनं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक. "टाचा घासल्यात गो मी त्यानं," ती पुटपुटली. मला हसू आवरेना. तिला मात्र घाम फुटला होता. आक्काला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? सांगितलं तर म्हातारीच्या मनाला लागणार, न सांगावं तर दगड गेला. शेवटी काकी फोनवर म्हणाली, "बरं. राहू दे बसलेला."

मी म्हटलं, दुसरा मागवू. पण शिमग्याच्या आत येणार कुठून? काकी दोन-तीन दिवस चमच्याच्या पाठीनं, वाटीच्या बुडानं करून बघत राहिली. फोनवर पोर चमचा बघायची आणि भोकाड पसरायची. पंखा परत आला.

शिमग्याला काकी मला गावी घेऊन गेली. "चल, गर्दी असली म्हंजे माझ्याकडं लक्ष जानार नाय तिचं," म्हणाली. दुपारी ठाण्याची गाडी दारात थांबली. काकीनं सकाळपासून दोनदा तोंड धुतलं होतं, पावडर लावली होती, आरशासमोर हसून बघितलं होतं. सून उतरली, कडेवर पोर. काकी पायरीवर उभी. पोरीनं बघितलं, खालचा ओठ बाहेर आला आणि सुरू. अंग ताठ, आवाज डोंगरापर्यंत. इथे फिरवायला फोन नव्हता. सून अर्धमेली झाली, मुलगा "अगं आजी आहे, आजी" करतोय. काकी म्हणाली, "आत ने गो तिला, ऊन लागेल," आणि स्वतः मागच्या पडवीत जाऊन नारळ सोलायला बसली. तो दिवस गेला. जेवायलाही ती आमच्यात बसली नाही. दुसऱ्या दिवशी पालखी येणार होती, आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांना परत निघायचं होतं.

पालखी आली. ढोल, सनई, अंगणभर माणसं. शिमग्यात गावचे देव देऊळ सोडून पालखीत बसतात आणि स्वतः घरोघर जातात, हे मी तिथे पहिल्यांदा बघितलं. घरची बाई पुढे होऊन देवीची ओटी भरते. काकी खण-नारळ घेऊन पुढे झाली, तेवढ्यात सुनेच्या कडेवरून पोरीनं तिला बघितलं आणि ढोलाच्याही वर आवाज काढला. माणसं वळून बघायला लागली. काकीनं ताट सुनेच्या हातात दिलं. "तू भर," म्हणाली, आणि मागं झाली. आपल्याच दारात, आपल्याच देवाला पाठमोरी होऊन ती खांबाआड उभी राहिली. मला रडू आलं, स्पष्टच सांगते. त्या क्षणी ती कपाळ खरवडून काढायलाही तयार झाली असती.

पालखी पुढच्या घरी गेली. अंगण रिकामं झालं. आक्का, जी दोन दिवसांत कुणाशी चार शब्द बोलली नव्हती, आत गेली आणि देव्हाऱ्यातून तो दगड घेऊन आली. पदरानं कुंकू पुसलं, पण त्या बदामाच्या खाचेतलं काही निघालं नाही. तिनं तो काकीपुढे धरला.

"घे."

"आक्का, तो बसवलेला हाय ना?"

"शिमगा हाय गो. आज सगळेच देव उठलेत, लोकांच्या दारात फिरतायत. यानंच काय केलंय घरात बसायला?"

काकीनं दगड घेतला. आक्काकडे बघून तिच्या तोंडून निघालं, "आक्का, यानं मी आधी..."

"ठाव हाय," आक्का म्हणाली. "फोनवर ऐकू आलं मला. तुझ्या टाचा पन बघितल्या मी. एवढ्या साफ कधी नव्हत्या." आणि आत निघून गेली.

काकी पायरीवर बसली. तेल नाही, आरसा नाही. तिनं डोळे मिटले आणि हनुवटीपासून कानाकडे दगड ओढला. मग दुसऱ्या बाजूनं. आत रडणं चालूच होतं, मग त्याला खंड पडला, मग थांबलं. उंबऱ्याशी सुनेच्या कडेवरून आवाज आला, "डगड."

पोर खाली उतरली. थांबत थांबत आली, काकीच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि दगडासाठी हात पुढे केला. काकीनं दिला. पोरीनं तो दोन्ही हातांत घट्ट धरला, टाचा उंचावल्या, काकीच्या केसांच्या कडेला टेकवला आणि जोर लावून कपाळावरून, त्या आठीवरून, सरळ नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढत आणला. खाचेतलं कुंकू लागून आठीवर लाल रेघ उमटली.

वरून खाली. मुलगा, सून, सगळे थांबले, कारण आता ओरडा येणार हे सगळ्यांना माहीत होतं.

काकीनं डोळे उघडले नाहीत. मान जरा खाली केली, पोरीचा हात पुरावा म्हणून.

"परत कर गो," ती म्हणाली.